चष्म्यावाचून त्रिमिती : शंका आणि साक्ष



नुसत्या डोळ्यांनी सपाट पडद्यावर खोली दिसते, असे कोणी सांगितले की ऐकणारा हसतो. त्या हसण्यास आम्ही दोष देत नाही. ही वस्तू जाहिरातीत दाखवता येत नाही. सपाट कागदावर छापताच तिचा गुणच नाहीसा होतो. म्हणून ज्याने ती पाहिली नाही त्याला शंका यावी, हे स्वाभाविकच आहे.

परंतु यात जादू काहीच नाही. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. नाकासमोर बोट धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट जागचे हलल्यासारखे दिसेल. या भेदातूनच मेंदू खोली ओळखतो, हे व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवले. गजांच्या खिडकीशी उभे राहिले असता डाव्या डोळ्याला जे दिसते ते सगळेच उजव्याला दिसत नाही. हीच युक्ती अमेरिकेतील फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी चित्रास लावली व १९०३ साली तिचे पेटंट घेतले. दोन चित्रांच्या बारीक उभ्या पट्ट्या एकाआड एक मांडायच्या आणि पुढे अपारदर्शक रेघांची जाळी ठेवायची, म्हणजे ज्याच्या त्याच्या डोळ्याला त्याचेच चित्र मिळते. १९४१ साली मॉस्कोत असे चित्रपटगृहही निघाले होते.

मग लोकांची शंका खोटी काय? तसेही नाही. निन्टेन्डो कंपनीने २०११च्या फेब्रुवारीत जपानमध्ये अशा पडद्याचे हातातले खेळयंत्र २५,००० येनला विकावयास काढले. ऑगस्टमध्येच किंमत १५,००० येनवर आणावी लागली, आणि २०१३ साली त्याच खेळांसाठी त्रिमिती नसलेले यंत्रही बाजारात आले. पट्ट्या दोघांत वाटल्यामुळे आडवी सूक्ष्मता निम्मी होते. मान जरा कलली की चित्र फाटते. शिवाय डोळ्यांची नजर पडद्यावर स्थिरावलेली, आणि बुबुळे मात्र पुढच्या-मागच्या बिंदूकडे वळलेली. या ओढाताणीने थकवा येतो. पुढे कॅमेऱ्याने डोळ्यांचा माग घेणारी यंत्रे निघाली. त्यांनी मानेची अडचण पुष्कळ कमी केली, बाकीच्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट. ज्यांचा एक डोळा लहानपणापासून अधू आहे, त्यांतील अनेकांना अशा पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. ते 'दिसत नाही' म्हणतात, तेव्हा त्यांची साक्षही खरीच असते. शेजाऱ्याने त्यांना हट्टी म्हणू नये, आणि त्यांनी शेजाऱ्यास भोळा म्हणू नये.

आमचे मागणे एवढेच, की शंका घरी बसून घेऊ नये. पडद्यासमोर जावे आणि विचारावे : एका वेळी किती जणांस दिसते? मान किती हलवता येते? तासाभराने डोळे कसे राहतात? विक्रेता या तीन प्रश्नांस बगल देऊ लागला, तर पैसे खिशातच ठेवावे. सरळ उत्तरे मिळाली, तर हसणे थांबवून पाहावे.