दोन चादरी आणि खालचा बंक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझी पुण्याची पुतणी परवा फोनवर विचारत होती, "चाचा, छोट्या जहाजाची चार दिवसांची सहल आहे. केबिन कुठली घेऊ? आणि कपडे काय नेऊ?" मला हसू आलं. मी जिंतूरचा माणूस. आमच्याकडचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीच्या धरणाचं. पण मग आठवलं, हेच दोन प्रश्न १९८३ साली आमच्या घरात महिनाभर गाजले होते, आणि त्यातल्या एकावरून अब्बा आणि दादामियाँ, म्हणजे माझे आजोबा, एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

दादामियाँ आणि दादीमाँ हजला निघाले होते. विमानं होती, पण ती आमच्या ऐपतीबाहेरची. मुंबई ते जेद्दा सुमारे २३०० सागरी मैल, जहाजाला आठवड्याहून अधिक लागे. मुंबईहून हाजींना नेणाऱ्यांत मोगल लाइनचं नाव जुनं, १८७७ सालापासूनचं. हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. हजची तारीख चंद्राच्या महिन्यांवर असते, त्यामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. १९८३ साली हज सप्टेंबरच्या मध्याला आला. म्हणजे जहाज सुटणार ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात.

आधी कपड्यांचं सांगतो, कारण त्यात भांडण नव्हतं. जहाज तांबड्या समुद्रात यलमलमच्या डोंगरासमोर आलं की भोंगा वाजे. त्याच्या आत पुरुषांनी अंघोळ करून एहराम बांधायचा. दोन चादरी, एक कमरेला, एक खांद्यावर. शिवण नको, टोपी नको, अत्तर नको. पायात असं काही हवं की पायाचं वरचं हाड उघडं राहील, म्हणून हवाई चप्पल. बायकांना रोजचेच कपडे चालतात. आमच्या गल्लीत एक जुने हाजी होते. त्यांनी दादामियाँना बजावलं, की पातळ कापड घेऊ नका, ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि वाऱ्यावर आवरत नाही. जाड मांजरपाट घ्या. वर कमरेला खिशाचा पट्टा बांधा, तो शिवलेला चालतो. दादीमाँना म्हणाले, "साडीखाली सलवार घाला. लोखंडी जिने चढायचे आहेत, एका हातात कठडा लागतो." बाजारपेठेतला कापडवाला पैसे घ्यायला आढेवेढे घेऊ लागला, तर दादामियाँनी मोजून त्याच्या गल्ल्यात टाकले. या कापडाचा पैसा स्वतःचाच असला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

भांडण झालं ते जागेवरून. दादीमाँना दम्याचा त्रास. अब्बा शाळामास्तर. त्यांचं म्हणणं, पतसंस्थेतून कर्ज काढतो, वरच्या मजल्यावरची केबिन घ्या, खिडकी असते, हवा येते. दादामियाँ म्हणाले, "कर्जा लेके हज नै होता बेटा. ज्याची ऐपत, त्याच्यावरच फर्ज." त्यांनी डेकच्या वर्गाचंच तिकीट काढलं. खाली मोठं दालन, त्यात एकावर एक बंक. अब्बा आठ दिवस जेवायला त्यांच्याबरोबर बसले नाहीत. मी पंधरा वर्षांचा होतो, आणि माझ्या मते अब्बाच बरोबर होते.

निघायच्या दिवशी मात्र सगळ्यांनी एकमेकांची कहीसुनी माफ करून घेतली. परत येण्याची खात्री कुणालाच नसायची. एसटीनं परभणी, तिथून मीटरगेजची गाडी, मनमाडला उतरून ब्रॉडगेजची दुसरी. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदी. अब्बा तिथवर पोचवायला गेले होते. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "खाली फार गरम आहे."

दोघं परत आले. दादीमाँ निम्म्या झाल्या होत्या. पहिले चार दिवस पोटात काही ठरलं नव्हतं, नुसत्या वाळलेल्या भाकरीवर आणि लिंबाच्या लोणच्यावर काढले म्हणाल्या. अब्बांनी ऐकून घेतलं, उठून बाहेर गेले. पुढे दादीमाँचा दमा जेव्हा जेव्हा उसळला, तेव्हा अब्बा म्हणायचे, "ती केबिन घेतली असती तर..." दादामियाँ त्यावर कधी बोलले नाहीत. ते १९९१ साली वारले. त्याच दोन चादरी, जमजमच्या पाण्यात भिजवून आणलेल्या, त्यांच्या कफनाला लागल्या.

आता माझं ऐका. २०१९ साली कवितेच्या एका कार्यक्रमासाठी मी मुंबईहून गोव्याला छोट्या जहाजानं गेलो. हौसेनं सर्वांत वरची, पुढच्या टोकाची केबिन घेतली. मोठी खिडकी. आणि रात्रभर ओकत होतो. सकाळी जहाजावरचा एक खलाशी हसला. म्हणाला, "साहेब, एसटीत मागच्या बाकावर बसता का कधी? जहाजाचंही तसंच आहे. दोन्ही टोकं वर-खाली होतात, मधला भाग त्यामानानं स्थिर. आणि जितकं वर जाल, तितकं डोलणं जास्त. लिंबाच्या शेंड्यावर बसल्यासारखं. मधली, पाण्याजवळची केबिन घ्यायची. फक्त इंजिनाच्या डोक्यावर नको, आवाज आणि उष्मा येतो."

मी तिथंच कठड्याला धरून उभा राहिलो. दादीमाँचा बंक जहाजाच्या मधोमध होता, खालचा. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण जिना जवळ होता हे त्या कौतुकानं सांगायच्या. म्हणजे त्या पावसाळी समुद्रात वरच्या केबिनीत त्यांना कमी नाही, जास्तच डोलणं लागलं असतं. हवा मिळाली असती, हेही खरं. दम्याच्या माणसाला हवा मोठी की पोट, याचा निकाल मी आजही देऊ शकत नाही. पण अब्बा ज्या गोष्टीसाठी स्वतःला आणि बापालाही इतकी वर्षं दोष देत आले, ती गोष्ट त्यांना वाटत होती तितकी सरळ नव्हती.

अब्बा २००६ साली गेले. त्यांना हे सांगायचं राहिलं.

पुतणीला म्हणालो, मधली घे, खालची घे. खिडकी लहान असली तरी चालेल, डेकवर जाऊन बघ समुद्र. पायात रबरी तळव्याचं घाल, लोखंड ओलं असतं. आणि पिशवीत थोडी वाळकी भाकरी असू दे.