अंगठी मोडण्यापूर्वी वाचा

श्रोतेहो, घरात वाटणी निघाली की जमिनीचा उतारा सारे जण वाचतात. आजीची अंगठी पुढे आली की मात्र तिचे नुसते वजन होते. ती मोडीत गेली, की आतला ठसा मुशीत वितळतो आणि घराण्याचा एक पुरावा कायमचा जातो. म्हणून आज निळ्या पिरोजाच्या, म्हणजे फिरोजाच्या, अंगठीविषयी चार गोष्टी सांगतो.

आपल्या अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, इराणचा संबंध जुना आहे. 1490 मध्ये येथे निजामशाही उभी राहिली, आणि पुढे बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी इराणातून शाह ताहिर हे विद्वान आले. इराणातील निशापूरचा पिरोजा तर शतकानुशतके नावाजलेला. पण म्हणून घरातला प्रत्येक निळा खडा निशापूरचाच, असे मानू नका बरं का! वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत ही साक्ष झाली, निकाल नव्हे.

आधी खडा पाहा. पिरोजाची निळाई तांब्यामुळे येते. लोह असले तर हिरवट छटा येते. घाम, तेल, साबण यांनीही निळा खडा वर्षानुवर्षांत हिरवट पडतो. तेव्हा हिरवा दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. शाळेतले भिंग घ्या. आत बारीक बुडबुडे दिसले तर काचेचा संशय धरा. झिजलेल्या कडेला पांढरे दिसले, तर हाऊलाइट किंवा मॅग्नेसाइट हा पांढरा दगड रंगवलेला असू शकतो. काळ्या शिरांवर भरवसा नको. त्या खऱ्यातही असतात आणि नकलीतही उठवतात. तापलेली सुई लावून पाहा, असे कोणी म्हणेल. ते मुळीच करू नका. खरा खडाही त्याने डागतो.

मग कडीच्या आत पाहा. 916 म्हणजे 22 कॅरेट सोने, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14; आणि 925 ही चांदीची खूण. चालता सिंह असेल तर ती इंग्लंडची चांदी असू शकेल. हे आकडे शुद्धता सांगतात, घडणाऱ्याचे नाव नव्हे. दोन-तीन अक्षरे असतील, तर ती कारागिराची किंवा पेढीची असू शकतात. घरातल्या दुसऱ्या दागिन्यांशी आणि जुन्या पावत्यांशी ती ताडून पाहा. आपल्याकडे सोन्याचे सरकारी हॉलमार्किंग 2000 साली सुरू झाले. त्यामुळे त्याआधीच्या अंगठीवर ती खूण नसणे हा दोष नाही. उलट, सहा अक्षर-अंकांचा क्रमांक दिसला, तर ती तपासणी 2021 किंवा त्यानंतरची, अंगठी कितीही जुनी असो.

लिंबू, चिंच, रिठा यांनी पिरोजाची अंगठी घासू नका. सराफाकडे उजळायला देण्यापूर्वी खड्याचे व ठशाचे छायाचित्र काढा. उजळताना बारीक ठसा झिजतो. ती कोणाची, कोठून आली, हे वहीत लिहून ठेवा. गुरुजी, हा पाठ मुलांकडून घरोघरी करून घेता येईल. खड्याचा पक्का निर्णय हवा असेल, तर रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

त्यानंतर अंगठी ठेवायची की मोडायची, हे घरच्यांनी बसून ठरवावे. ठरवताना मात्र ती काय होती, हे सर्वांना ठाऊक असावे.