‘ओल्ड’ : जुना, म्हातारा की पूर्वीचा?

‘ओल्ड’ हे इंग्रजी विशेषण आपल्याला फार सोपे वाटते. पण तुर्कस्तानातला एखादा विद्यार्थी इंग्रजी शिकू लागला, की याच सोप्या शब्दापाशी अडतो. त्याच्या भाषेत जुन्या वस्तूला ‘एस्की’ म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसाला ‘याश्ली’. ‘याश’ म्हणजे वय. ‘याश्ली’ म्हणजे वय झालेला. एस्किशेहिर या तुर्की शहराच्या नावाचा अर्थच ‘जुने शहर’. आता इंग्रजी त्याला सांगते, घरही ‘ओल्ड’ आणि आजोबाही ‘ओल्ड’! आजोबांना घराच्या पंक्तीला बसवताना त्याची जीभ अडखळली, तर नवल ते काय? आपणही ‘जुने आजोबा’ म्हणत नाही.

अशा वेळी विरुद्धार्थी शब्द शोधावा. घराच्या ‘ओल्ड’ला उलट ‘न्यू’, आजोबांच्या ‘ओल्ड’ला उलट ‘यंग’. तुर्कीत ‘येनी’ आणि ‘गेन्च’, आपल्याकडे नवा आणि तरुण. शब्द एक, अर्थ दोन, हे लगेच ध्यानात येते.

पण एवढ्याने भागत नाही. ‘माय ओल्ड टीचर’ म्हणजे माझे वृद्ध शिक्षक, किंवा मला पूर्वी शिकवणारे, मग ते तिशीतले का असेनात! मात्र ‘माय टीचर इज ओल्ड’ म्हटले, की वयाचाच अर्थ उरतो. विशेषणाची जागा बदलली, अर्थ आकसला. आणि पाच दिवसांचे मूल ‘फाइव्ह डेज ओल्ड’ असते, तेव्हा ते जुनेही नसते नि म्हातारेही. तिथे हा शब्द नुसते वय मोजतो.

आणखी एक गंमत. थोरला भाऊ सांगताना तुर्की मनुष्य म्हणतो, तो माझ्याहून दोन वर्षांनी ‘ब्युयुक’, म्हणजे मोठा. मग इंग्रजीत ‘ओल्डर’च्या जागी तो ‘बिगर’ लिहितो. मीही शाळेत हेच केले होते. ‘माय ब्रदर इज टू इयर्स बिगर दॅन मी’ असे म्हणालो आणि मास्तरांसकट सारा वर्ग हसला. पुढे कित्येक महिने इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले नाही.

आज वाटते, ती चूक अडाणीपणाची नव्हती. ते मराठीतले अगदी बरोबर वाक्य होते. थोरल्या भावाला ‘आबी’ आणि थोरल्या बहिणीला ‘आब्ला’ म्हणणारा तुर्की मुलगा आपल्या दादा-ताईच्या घरातलाच. म्हणून शिक्षकाने अशा चुकीला हसू नये. आधी विचारावे, “बाळ, तुझ्या भाषेत हे कसे म्हणतात?” मग ‘ओल्डर’ शिकवावे. मूल बोलते राहिले, तर चूक आज ना उद्या सुधारता येते. ते गप्पच बसले, तर मात्र आपल्याला काहीच सुधारता येत नाही.