किंमत कोणी मोजली?



सकाळच्या परिसंवादात तत्त्वासाठी उभं राहणाऱ्या माणसांबद्दल आपण पुष्कळ ऐकलं. प्रत्येक वक्त्याने धैर्याची थोरवी गायली. माझा त्यांच्याशी स्पष्ट मतभेद आहे. धैर्य गुंडालाही असतं. पुस्तकाच्या दुकानाची काच फोडायला, नाटकाच्या प्रयोगात घुसून पडदा पाडायला छाती लागतेच. म्हणून मी एकच विचारतो : तुमच्या श्रद्धेची किंमत कोणी मोजली? तुम्ही स्वतः, की तुम्ही ती दुसऱ्याच्या पाठीवर वसूल केलीत?

मी आज रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव घेणार आहे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. हा प्रचार आणि नोकरी यांतलं एक काहीतरी निवडा, असा पेच पडला आणि 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, ते 1953 साली मरेपर्यंत चालवलं. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी या सगळ्यात त्यांना साथ दिली. त्या बाईंचं नाव आपल्याकडे किती जण घेतात?

‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक मिळाले तर त्यातली प्रश्नोत्तरं वाचा. ज्या गोष्टी नवरा-बायको अंधारातही एकमेकांशी बोलत नसत, त्या गोष्टी माणसं पत्रातून या गृहस्थांना विचारत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, समलिंगी आकर्षण म्हणजे रोग आहे का, असले प्रश्न. कर्वे गणिताचं उदाहरण सोडवावं तसं नेमकं उत्तर देत आणि ते स्वतःच्या नावाने छापत. निनावी पत्रक काढून पळून जाणं त्यांना कधी सुचलं नाही.

1931 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. 1934 साली पुन्हा खटला, आणि यावेळी तो या प्रश्नोत्तरांवरूनच. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. इथे मला जरा थांबायचं आहे. तोवर बाबासाहेबांचा महाडचा सत्याग्रह झाला होता, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार झाला होता. शत्रूंची काही कमतरता नव्हती. अशा माणसाने दुसऱ्याच्या अश्लीलतेच्या खटल्यात उभं राहण्याचं काही कारण नव्हतं. तरी ते उभे राहिले. लैंगिक प्रश्नावर लिहिलं एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने शंका विचारली तर तिला उत्तर देणं हे अशा मासिकाचं कामच आहे, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं. खटला ते हरले. दोनशे रुपये दंड झाला. ‘समाजस्वास्थ्य’ निघतच राहिलं. 1938 साली बाबासाहेबांच्या पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. पुढे सरकारने गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले, तोवर कर्वे या जगात नव्हते.

कोणी म्हणेल, धर्मांध माणूससुद्धा स्वतः तुरुंगात जातो, मग तोही नायकच की. साफ चूक. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याला पुढे कितीही शिक्षा होवो, त्याने आपल्या श्रद्धेचा पहिला हप्ता दुसऱ्याच्या प्राणाने भरलेला असतो. त्याला मी नायक म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर याच व्यासपीठावरून विरोध करीन.

कर्व्यांची सगळी मतं मला मान्य नाहीत. स्त्री-पुरुष संबंधांवर ते कधीकधी इतकं कोरडं लिहीत, की त्यात माणसांच्या मनाला जागा उरत नसे. पण ज्याचं प्रत्येक वाक्य पटतं त्याच्याच बाजूने उभं राहायचं ठरवलं, तर आपण कोणाच्याच बाजूने उभे राहणार नाही. कर्व्यांचे वडील धोंडो केशव यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं, आणि 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं. ते सर्वस्वी योग्यच झालं. मुलाच्या वाट्याला मात्र दंडाच्या पावत्या आल्या. मेलेल्या बंडखोराला हार घालणं आपल्याला छान जमतं. जिवंत बंडखोर दारात आला की कार्यकारिणीची बैठक लांबणीवर पडते. मी हे कार्यकारिणीच्या तोंडावर बोलतो आहे, कारण ती समोरच बसली आहे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात निषेधाचा आणखी एक ठराव करू नका. असे ठराव करायला एक पैसाही लागत नाही. त्याऐवजी असा ठराव करा : लिहिल्याबद्दल आपल्या कोणत्याही सभासदावर खटला झाला, तर वकिलाची फी ही संस्था भरील आणि प्रत्येक तारखेला संस्थेचा एक पदाधिकारी कोर्टात त्याच्या शेजारी बसेल, मग ते लेखन त्या पदाधिकाऱ्याला आवडो वा न आवडो. या संमेलनाचं माझं सगळं मानधन मी त्या निधीत देतो आहे. पुढची रक्कम तुम्ही घाला, आणि ती उद्या सभागृह सोडण्यापूर्वी घाला.