जमिनीचा हिशेब आपल्या पोरांनी शिकावा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळी हसली. गिरणी कामगार उठून 'रिअल इस्टेट फायनान्स'च्या पदव्युत्तर शिक्षणावर बोलणार! पण आम्ही विचारतो, या विषयाचा चटका आपल्याइतका कुणाला बसला आहे? आम्ही साच्यावर उभे राहून कापड विणत होतो, आणि पायाखालची जमीन कापडापेक्षा महाग होत होती. तो हिशेब मात्र दुसऱ्यांच्या टेबलावर मांडला गेला.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका वाक्याच्या बदलाने केवढी जमीन इकडची तिकडे गेली! मोर्चे आपण काढलेच. पण मोर्च्याच्या जोडीला ते वाक्य वाचून लगेच आकडा मांडणारी आपली माणसेही हवीत.

या शिक्षणात शिकवतात काय? जमिनीची किंमत कशी काढावी. कर्ज कसे उभे राहते. गृहकर्जांचे गाठोडे बांधून बाजारात कसे विकतात, ज्यातून २००८ साली अमेरिकेसकट जग हादरले. आणि भाड्याच्या इमारतींचे हिस्से शेअरसारखे कसे विकतात. आपल्या देशात अशी पहिली 'रीट' २०१९ साली शेअर बाजारात आली.

पण पहिला धडा साधा आहे. आजचा रुपया आणि सात वर्षांनंतरचा रुपया सारखा नाही. समजा, चाळीच्या पुनर्विकासात एक बिल्डर म्हणतो, ताबा देताना, म्हणजे सात वर्षांनी, घरटी दहा लाख देतो. दुसरा म्हणतो, आज सहा लाख घ्या. सभेत हात कुणासाठी वर होतील? दहा लाखांसाठी! आता दहा टक्के व्याज धरून बघा. त्या दहा लाखांची आजची किंमत पाच लाख तेरा हजार. उलट आजचे सहा लाख सात वर्षांत अकरा लाख एकोणसत्तर हजार होतात. शिवाय काम रखडले तर दहा लाखांची किंमत आणखी घसरते. हे गणित कुणी फळ्यावर मांडले, तर सभेचा निकाल फिरेल की नाही, तुम्हीच सांगा.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये याच विषयाची एम. एस्सी. पदवी आहे. ही संस्था आपल्याला परकी नाही. बाबासाहेब १९१६ साली तिथे दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले. पैसे जमवून १९२० साली ते पुन्हा गेले, १९२१ ला एम. एस्सी. आणि १९२३ ला डी. एस्सी. झाले. डी. एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर! पैशाचे शास्त्र आपल्यासाठी नाही, असे कुणी म्हणाले तर एवढेच सांगा.

खर्च मोठा आहे, हे खरे. पण अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाच्या, गुणांच्या अटी असतात. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. दाखल्यापायी साल वाया जाऊ देऊ नका. आणि दहावीनंतर पोराने, पोरीनेही, गणित सोडू नये. पदवीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा वाणिज्य घेतले तर पुढची वाट सोपी होते.

शिकलेल्याला बँकेत, गृहकर्ज कंपनीत नोकरी मिळेल. मिळू द्या, पोट आहेच. पण आमचे मागणे एवढेच, की रविवारी त्याने चाळीत यावे, कराराचा कागद म्हाताऱ्यांना वाचून दाखवावा. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हे समजावून सांगावे. सही करण्याआधी आकडा कळला पाहिजे. तो सांगणारा माणूस आपल्याच घरात तयार होऊ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!