सेकंड हँड गाडी घेताय? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

आज सेकंड हँड गाडीबद्दल बोलूया. मायलेज, पिकअप वगैरे नाही, फक्त गाडीचा भूतकाळ.

२०२२ ची गोष्ट. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि गणपतीला गावी स्वतःच्या गाडीने जायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पुण्यात एका डीलरकडे एक हॅचबॅक दिसली. एमएच-०८ पासिंग, म्हणजे रत्नागिरीची. २०१८ चं मॉडेल, पहिलाच मालक, अडतीस हजार किलोमीटर. भाव बाजारापेक्षा चाळीसेक हजारांनी कमी. बाबांनी मला न विचारता दहा हजार टोकन देऊनही टाकलं.

मी घरी बसून एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला. आरसी ॲक्टिव्ह. इन्शुरन्स चालू, पीयूसी चालू. बँकेचा बोजा नाही. ई-चलनं बघितली, एकही थकलेलं नाही. डीलरने दाखवलेल्या सर्व्हिसच्या बिलांवरचे किलोमीटर मीटरशी जुळत होते. मी बाबांना सांगितलं, गाडी क्लीन आहे.

खरं तर रोज डेटाबेसमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. ज्या गोष्टीसाठी कॉलमच नाही, तिचं उत्तर तिथे कसं मिळणार? गाडी कोणाच्या नावावर आहे, कर्ज आहे का, हे ॲप सांगतं. गाडीत पाणी शिरलं होतं का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

शंका आली ती इन्शुरन्सच्या कागदावरून. पॉलिसीवर नो क्लेम बोनस अशी एक ओळ असते. क्लेम न करता वर्षं गेली की प्रीमियमवरची ही सूट वाढत जाते: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. चार वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर ४५ दिसायला हवे होते. होतं शून्य. आता पॉलिसी तीन महिन्यांहून जास्त बंद पडली, तरीही शून्य होतं. म्हणून डीलरला आधीच्या वर्षाची पॉलिसी मागितली. तिच्यावर ३५ टक्के होते आणि दोन्हींत एका दिवसाचाही खंड नव्हता. म्हणजे मधल्या वर्षात क्लेम झाला होता. मधलं वर्ष म्हणजे २०२१. गाडी रत्नागिरी जिल्ह्यातली. आणि त्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं.

रविवारी परत गेलो. आत सेंटचा एवढा घमघमाट की बाबांना शिंका सुरू. सीट पुढे सरकवून खालचे बोल्ट बघितले, तर गंजलेले. डीलर म्हणाला, "साहेब, कोकणातली हवा, गंज येणारच." पटण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू! मग मागचा सीटबेल्ट ओढला. रोजच्या वापरात येतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ होती. गाडी धुणाऱ्याने कार्पेट बदललं, सीट शॅम्पू केल्या, पण गुंडाळलेल्या पट्ट्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. स्टेपनी काढली, तर खालच्या खड्ड्यात बारीक गाळ.

इंजिन मस्त चालत होतं हो. पण पाणी लागलेल्या गाडीचं दुखणं वायरिंगमध्ये असतं. कनेक्टर आतून हळूहळू सडतात आणि काही महिन्यांनी काहीही बंद पडतं. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोलरही खाली, मधल्या कन्सोलखाली बसवलेला असतो. तो ऐन वेळी चालेल का, हे टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही.

टोकनपैकी पाच हजार परत मिळाले, तेही बाबा दुकानात तासभर बसून राहिले म्हणून.

दिवाळीनंतर दुसरी गाडी घेतली. तिच्यावर बँकेचा बोजा होता, म्हणून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या त्याच दिवशी, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत बाबांच्या नावावर केला. विकणाऱ्यालाही मी सांगितलं, काका, आरटीओत नाव बदलल्याची खात्री करा. कारण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय.

ती एमएच-०८ वाली हॅचबॅक मात्र डोक्यातून गेली नाही. नंबर पाठच झाला होता. सहाएक महिन्यांनी सहज ॲपवर टाकून बघितला. आरसी ॲक्टिव्ह, इन्शुरन्स चालू, पीयूसी चालू. मालक क्रमांक दोन. नावाची मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली होती.