कण्यांची पेज आणि नारळाचा रस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या वाट्याला आलेला विषय व्यासपीठावरून बोलण्यासारखा नाही, असे आपणांपैकी काहींना वाटेल. शिक्षण, वसतिगृह, जमिनींचे दावे, सामुदायिक विवाह हे विषय मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नेहमी असतात व ते असलेच पाहिजेत. आम्ही मात्र आज चुलीवरच्या एका पातेल्याविषयी बोलणार आहोत. घरात कोणी तापाने फणफणले, कोणी दिवसभर चिखलात राबून आले, बाळंतीण उठून बसली, की जे अन्न रांधले जाते, त्याविषयी. या अन्नाला लग्नाच्या पंगतीत जागा नाही. सणाच्या ताटातही त्याला क्वचितच मान मिळतो. परंतु शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या मुलाला घराची आठवण झाली म्हणजे त्याला पहिल्याने आठवते ते हेच.

आरंभ पेजेपासून करू. भातगिरण्या गावोगाव होण्यापूर्वी आपल्या घरांत भात उखळात कांडले जाई. पाखडताना अख्खा तांदूळ एका सुपात, कणी दुसऱ्या सुपात, कोंडा तिसरीकडे अशी वाटणी होई. अख्खा तांदूळ खंड भरण्यासाठी, विक्रीसाठी आणि आल्यागेल्या पाहुण्यासाठी. कोंडा कोंबड्या-गुरांना. मधली राहिलेली कणी घरच्या माणसांची. म्हणजे ज्याने भात पिकविले, त्याच्या पानात भाताचा तुकडाच पडे. त्या तुकड्याची पेज होई, पीठ होऊन भाकरी होई. ‘पेज पिणारे’ हा शब्द आपल्या लोकांस हिणविण्यासाठी वापरला गेला, त्याचे मूळ या वाटणीत आहे. हिणविणाऱ्यांनी सूप पाहिले नव्हते, एवढेच म्हणता येईल.

या सुपाचा हिशोब मागण्यासाठी अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या २५ गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला आणि तो १९३९ पर्यंत पाळला. जे भाताचे कोठार भरीत होते, त्यांनी इतकी वर्षे स्वतःच्या हाताने भात लावला नाही. मोलमजुरी केली, रानातली लाकडे विकली, पोरांना अर्धपोटी निजविले. आपल्या समाजाच्या इतिहासात हा संप मोठ्या अक्षरांत लिहिला जातो व ते योग्यच आहे. त्या काळी त्या घरांत चूल पेटविणाऱ्या बायांची नावे मात्र कोणत्याही स्मरणिकेत आमच्या वाचनात आली नाहीत.

असो. पेज ही दारिद्र्यातून आली हे खरे, पण तीत शहाणपण पुष्कळ आहे. कणी अख्ख्या तांदळापेक्षा लवकर शिजते, सरपण कमी लागते, आणि तुटलेल्या दाण्यातून पीठूळपणा सुटून पाणी आपोआप दाट होते. मूठभर कणीला आठपट पाणी, मंद आंच, आणि मीठ अगदी शेवटी. रोग्यासाठी वरची निवळ द्यावी, थकल्याभागल्यासाठी खालचा गाळ घोटून द्यावा. हगवणीच्या रोग्याला मीठ घातलेली पातळ पेज देण्याची आपली जुनी रीत अडाणीपणाची समजली जाई. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे पाजून असंख्य प्राण वाचविले. पुढे ढाक्याच्या संशोधकांनी त्यातील साखरेच्या जागी तांदळाचे पीठ शिजवून घातले आणि तेही गुणकारी ठरले. आजच्या काळात अशा रोग्याला प्रमाणशीर मोजलेली जलसंजीवनीच द्यावी व डॉक्टरांना दाखवावे, हे आम्ही निक्षून सांगतो. परंतु आपल्या आजीचा हात ज्या दिशेने जात होता, ती दिशा चुकीची नव्हती. तसेच ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पेज आणि पुढे सांगणार आहोत ते गोड पदार्थ बेताने घ्यावेत. आमच्या भाषणाचा दाखला देऊन घरी दुसरी वाटी मागू नये.

ही पेज कोणत्याही तांदळाची होते, पण तिची खरी चव खारीच्या राता तांदळाला. खाडीकाठच्या खारट जमिनीत जेथे इतर भात पिवळे पडते, तेथे हा तांबडा दाणा तग धरतो. काळा राता आणि भुरा राता या आपल्या वाणांतून शेतीशास्त्रज्ञांनी निवड करून खाऱ्या जमिनीसाठी बियाणे तयार केले. पनवेलच्या संशोधन केंद्रातून पुढे आणखीही वाण निघाले. पण बियाणे असून भागत नाही. समुद्राचे पाणी बाहेर ठेवण्यास बांध लागतो, आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यास उघाडी लागते. पूर्वी ज्यांची शेते एका बांधाआड असत ते सारे मिळून तो बांध राखीत. यास जोळ म्हणत. खांड पडली की रात्री-अपरात्री हाक जाई आणि घरटी एक माणूस चिखलात उतरे. १९७९ साली महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा झाला, बांधांचा भार पुष्कळसा सरकारवर गेला आणि जोळ सैल पडली. आज कित्येक ठिकाणी बांध फुटून शेतात तिवरे उभी आहेत.

आणि जी शेते समुद्राने नेली नाहीत, ती इतर कारणांनी गेली. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण व ठाणे येथील ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात आपली ५ माणसे गोळीबारात पडली. पेण तालुक्यातील २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये मतदान करून आपली शेते सेझसाठी देण्याविषयी आपले मत नोंदविले, हे आपण जाणताच. त्या प्रश्नाची चर्चा इतर वक्ते करतील. आम्ही इतकेच सांगतो की, ज्या घरात भात विकत येतो, त्या घरात कणी उरत नाही. वाण्याकडे मिळणारी कणी कुठल्या तांदळाची, ते वाण्यालाही ठाऊक नसते.

पेजेबरोबर तोंडी लावण्यास काय? येथे आपल्या किनाऱ्याची श्रीमंती दिसते. जिताडे पाहुण्यांचे, जवळा घरचा, हा आपला नियम. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला जवळा पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, घर चालवितो. तो आधी कोरडा भाजावा, मग पाखडून धुवावा. धुऊन भाजल्यास वास राहतो व दाणे चिवट होतात. कांदा भरपूर, मिरची, हळद आणि दोन आमसुले. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणांस अभिमान आहेच. पण तो कांदा नुसता चिरून मिठासह पेजेशी खावा, त्यावर आणखी संस्कार करू नयेत, असे आमचे मत आहे.

वालाविषयी मात्र घाई करता येणार नाही. भात कापून झाल्यावर शेतात जी ओल राहते तिच्यावर वाल पेरतात. पुढे त्याला पाट लागत नाही की मोट, थंडीतले दव त्याला पुरते. या कोरड्या वाढीमुळेच आपल्याकडील कडव्या वालाला ती किंचित कडसर चव येते, असे जुने शेतकरी सांगतात. वाल रात्री भिजत घालावेत, सकाळी फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात एक दिवसात मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून अंगठा व बोट यांच्यामध्ये दाबले की डाळिंबी सालातून सुटून बाहेर येते. हे सोलण्याचे काम एकटीने करू नये. पूर्वी संध्याकाळी परात मध्ये ठेवून सासू, सुना, पोरे, शेजारीण अशी सारी भोवती बसत, आणि घरातले निम्मे तंटे त्या परातीपाशीच मिटत; उरलेले निम्मे तेथेच सुरू होत, हेही सांगितले पाहिजे.

बिरडे शिजविताना लसूण व हिंगाची फोडणी, कांदा, हळद, तिखट आणि वर गरम पाणी. गार पाणी घातल्यास डाळिंबी आखडते. पळीने ढवळू नये, टोप धरून हलवावा. आमसूल आणि गूळ डाळिंबी मऊ झाल्यावरच घालावेत, कारण आंबट आधी पडले की दाणा लवकर शिजत नाही. शेवटी ओले खोबरे. त्यासोबत तांदळाच्या पिठाची उकड काढून, ती ऊन असतानाच मळून थापलेली भाकरी.

आता गोडाकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर दूधदुभते बेताचे आणि नारळ पुष्कळ, म्हणून आपले घरगुती गोड नारळाच्या रसावर उभे आहे. तांदूळ भिजवून, वाटून, ताकाइतके पातळ पीठ करावे. बिडाच्या तव्यावर ते वरून ओतावे, पसरू नये, म्हणजे पोळ्याला जाळी पडते. नारळाचे पहिले दाट दूध बाजूला ठेवून दुसऱ्या पातळ दुधात गूळ विरघळवावा, मिठाची कणी टाकावी, मग दाट दूध मिसळावे. याला उकळी आणू नये. आणली तर रस फाटतो. पोळा त्यात बुडवून खाल्ला म्हणजे आजाऱ्याच्या तोंडालाही चव येते. हळदीच्या पानात उकडलेले पातोळे आणि आले घातलेली खांडवी हीही याच घराण्यातली. हळदीचे पान मिळत नाही अशी तक्रार मुंबईच्या भगिनी करतात. कुंडीत एक गड्डा लावल्यास पावसाळ्यात पाने मिळतात.

हे अन्न आपले एकट्यांचे नाही. तेच वाल आपल्या शेजारच्या कायस्थ प्रभूंच्या घरी वेगळ्या मसाल्याने शिजतात. नवगाव, रेवदंडा या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक पोहे, गूळ व खोबरे यांचा मलिदा करून एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने वाटीत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, तेथेही मलिदा होतो. माणसे देश सोडून गेली तरी पोहे-खोबरे विसरली नाहीत. आपण गावातच राहून विसरू लागलो आहोत, ही गोष्ट आम्हांला बोचते.

जमिनीचा मोबदला आल्यापासून आपल्या हळदीच्या मांडवात परदेशी पदार्थांच्या टपऱ्या लागतात. आनंदाच्या दिवशी कोणी काय खावे यावर आम्ही बोलणार नाही. परंतु घरात आजारी माणूस असता बाहेरून पुडके मागविले जाते, आणि पेज मागणाऱ्या सासऱ्याला ‘ते गरिबीतले दिवस गेले’ असे ऐकविले जाते, तेव्हा गरिबीबरोबर आणखी काय गेले याचा विचार झाला पाहिजे. सुनांनाच बोल लावणे न्यायाचे नाही. नोकरीवरून सात वाजता येणाऱ्या बाईने वाल सोलीत बसावे, अशी अपेक्षा करणाऱ्या पुरुषांनी आधी परातीपाशी येऊन बसावे.

आमची दोन मागणी आहेत. ज्यांची खार अजून शाबूत आहे त्यांनी निदान एक तुकडा रात्याला ठेवावा आणि बियाणे मागेल त्याला द्यावे. दुसरे, घरातील वृद्ध स्त्रिया ‘अंदाजाने’ म्हणतात त्या अंदाजाचे माप त्यांच्या शेजारी बसून, वाटी हातात घेऊन, लिहून काढावे व मंडळाच्या कार्यालयात पाठवावे. पाठविणारीचे नाव पुढील स्मरणिकेत पदार्थासोबत छापले जाईल, असे कार्यकारिणीने मान्य केले आहे.

आज मंडपामागे मोठ्या टोपात कण्यांची पेज आहे. जवळा वेगळ्या टोपलीत आहे; माळकऱ्यांसाठी बिरडे बाजूच्या चुलीवर आहे. पोळे तव्यावरून उतरतील तसे मिळतील, म्हणून प्रथम लहान मुले व वृद्ध यांस बसू द्यावे.